तीनदा सील बदलूनही ॲम्बॅसिडरचा गिअरबॉक्स गळतो, आता काय करायचं?

कोल्हापुरातल्या एकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९८४ ची ॲम्बॅसिडर मार्क ४, मूळ पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर. गाडी आठवड्यातून एकदा-दोनदा निघते. रोज सकाळी गिअरबॉक्सखाली फरशीवर पुरीएवढा डाग दिसतो. दीड वर्षात मागचा ऑइल सील तीनदा बदलला. दर वेळी दोन-तीन महिने बरे जातात, मग पुन्हा तेच. आता मिस्त्री म्हणतात, दुसरा गिअरबॉक्सच बघा. तर सील कोणता घ्यावा, गिअरबॉक्स कुठे मिळेल आणि तोवर गळती थांबवणारं औषध ऑइलमध्ये टाकावं का?

दुसरा गिअरबॉक्स घ्यायची घाई करू नका. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ते "दोन-तीन महिने बरे जातात". सील उलटा बसला असता किंवा मापात फारच चुकला असता, तर पहिल्याच दिवशी गळला असता. दोन महिने धरून मग सोडतो, याचा अर्थ सीलच्या ओठाला (शाफ्टवर घासणाऱ्या रबरी कडेला) कुणीतरी खातंय. खाणारे तिघेच असतात: ओठ जिथे घासतो तिथला खराब झालेला पृष्ठभाग, शाफ्टची थरथर आणि गिअरबॉक्सच्या आत साठणारा दाब. यातलं एकही दुरुस्त न करता चौथा सील बसवला, तर तोही तितकाच टिकेल. आणि एक शक्यता अशीही आहे की तेल त्या सीलमधून येतच नाही. तिथूनच सुरुवात करू.

गाडी चालताना वाऱ्याने तेल मागे ओढलं जातं. पुढे कुठेही गळलं तरी थेंब गिअरबॉक्सच्या शेपटीवरून पडतो आणि बिचारा मागचा सील दोषी ठरतो. म्हणून इंजिनच्या मागच्या बाजूपासून प्रोपेलर शाफ्टपर्यंत (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यापर्यंत) सगळं रॉकेलने किंवा डिझेलने ब्रश मारून स्वच्छ धुवा, चिंधीने कोरडं करा आणि वर टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी फुंकरीने मारा. मग गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवा. शहरातल्या शहरात नको, गिअरबॉक्स गरम व्हायला हवा. कळंबा किंवा पन्हाळ्याच्या रस्त्याने जाऊन या. आल्यावर गाडी सपाट जागी लावा, पक्क्या स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही) आणि टॉर्च घेऊन बघा. पावडर जिथे ओली झाली आहे, त्यातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा म्हणजे उगम. खालचा ओघळ बघू नका.

तेल कोणतं आहे तेही बोटावर घेऊन पाहा. इंजिन ऑइल काळं आणि पातळ असतं. गिअर ऑइल दाट, मधासारखं किंवा करडं असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. ब्रेक किंवा क्लचचं तेल असेल तर ते पाण्याने धुतलं जातं आणि रंग उडवतं.

ॲम्बॅसिडरच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे. तुमचं १४८९ सीसी इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचं आहे, आणि त्याच्या मूळ रचनेत क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या) मागच्या टोकाला रबरी ऑइल सीलच नाही. तिथे क्रँकवर स्क्रूसारखी चर कापलेली असते. इंजिन फिरलं की ती चर तेल परत आत ढकलते. इंजिन बंद असताना ती काहीही अडवत नाही. सम्पमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात, तेल जास्त असेल, गाडी चढावर नाक वर करून लावली असेल, मेन बेअरिंग झिजलं असेल किंवा इंजिनचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जायची वाट) तुंबला असेल, तर तेल मागे फ्लायव्हीलकडे उतरतं आणि बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या केसिंगच्या) तळाच्या भोकातून ठिबकतं. खालून बघणाऱ्याला ते गिअरबॉक्सच गळतोय असं वाटतं.

तेव्हा तेल बेलहाउसिंगच्या भोकातून येत असेल आणि काळं असेल, तर गिअरबॉक्स उतरवू नका. आधी रॉकर कव्हरची (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाची) मागची कड बघा. मग ब्लॉकच्या बाजूची टॅपेट कव्हरं बघा. त्यांचा बोल्ट जास्त आवळला की पत्रा वाकतो, कॉर्कचं पॅकिंग कडेला उचलतं आणि तेल ब्लॉकवरून मागे पळतं. दोन्ही कव्हरं काढून कडा सपाट पृष्ठभागावर ठोकून सरळ करा, नवं कॉर्क बसवा आणि बेताने आवळा. टॅपेट कव्हरच्या ब्रीदर नळीत काजळी साठते, ती रॉकेलने साफ करा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडून धूर भसाभसा येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजून क्रँककेसमध्ये दाब साठतोय. मग ती मागची चर कितीही चांगली असली तरी हरणार. एवढं करूनही थोडं ठिबकत राहिलं तर डिपस्टिकवर लक्ष ठेवून गाडी वापरा. इंजिन पुढे कधी पूर्ण उघडेल तेव्हा मेन बेअरिंगबरोबर तो विषय घ्या. मात्र तेल क्लचप्लेटवर गेलं असेल आणि गाडी उचलताना थरथरत असेल, तर प्लेट पेट्रोलने धुवून पुन्हा वापरू नका. अस्तरात मुरलेलं तेल गरम झालं की परत वर येतं.

आता समजू की तेल खरोखर गिअरबॉक्सचंच आहे आणि शेपटीकडूनच येतंय.

पहिलं काम फुकटचं आहे, ब्रीदर. गिअरबॉक्स गरम झाला की आतली हवा फुगते. तिला बाहेर जायला वाट नसेल तर ती सीलचा ओठ उचलून तेलासकट बाहेर पडते. गिअरबॉक्सच्या वरच्या भागात छोटं भोक किंवा टोपी असते. चाळीस वर्षांच्या गाडीत ती धूळ, ग्रीस आणि अंडरकोटिंगच्या थराखाली गाडलेली असते. तारेने मोकळी करा, फुंकून हवा जाते का बघा. मागच्या ॲक्सलच्या नळीवरही असाच ब्रीदर असतो, तोही बघा. लगेच ऑइलची पातळीही तपासा. गाडी सपाट उभी असताना लेव्हल प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल हवं, त्यावर थेंब नको. फक्त पुढची किंवा मागची बाजू जॅकवर उचलून तेल भरलं की पातळी चुकते आणि जास्तीचं तेल पुढचे आठ दिवस गळत राहतं.

पण मला खरा संशय बुश आणि योकवर आहे. योक म्हणजे प्रोपेलर शाफ्टचं गिअरबॉक्सला जोडलेलं टोक, आणि बुश म्हणजे त्याला आधार देणारी धातूची नळी. तुमच्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचा योक शेपटीत सरकत जाणारा आहे की नटाने आवळलेली फ्लँज आहे, ते आधी बघा. सरकता योक असेल तर तो शेपटीच्या आत एका बुशमध्ये फिरतो आणि सील त्या बुशच्या लगेच मागे असतो. गाडी न्यूट्रलला घेऊन योक दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली हलवा. हाताला टकटक लागली तर बुश गेलाय. योक मधोमध न फिरता भोवऱ्यासारखा फिरतो, सीलचा ओठ एका बाजूने चेपला जातो आणि दुसऱ्या बाजूने सुटतो. नवं रबर मऊ असतं, म्हणून महिना-दोन महिने ते योकच्या मागे धावतं. मग कडक होतं आणि धावणं सोडतं. तुमचे दोन-तीन महिने बहुधा इथेच संपतात. डायल गेज मिळालं तर लावा. ०.१० मिलिमीटरच्या वर हालचाल असेल तर मी सील विकतसुद्धा घेत नाही, आधी बुश करतो.

बुश करून घ्यायला कोल्हापूरसारखं गाव नाही. उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे बुश आयुष्यभर कातलेले टर्नर आहेत. फक्त काम सांगताना चार गोष्टी नीट सांगा. साहित्य फॉस्फर ब्राँझ हवं, साधं पितळ नको. बुश दाबून बसवल्यावर आतून आवळतो, म्हणून शेवटचं बोअरिंग किंवा रीमिंग बसवल्यानंतरच करायचं. शेपटीचं केसिंग लेथवर धरताना गिअरबॉक्सकडच्या बेअरिंगच्या खाचेला डायल लावून मध्य साधायचा, बाहेरच्या ओतीव कडेवरून नाही. ती कड मध्याशी जुळत नसते. आणि जुन्या बुशमधली तेलाची चर व भोक नव्यातही त्याच जागी यायला हवं, नाहीतर बुश कोरडा फिरून खाल्ला जाईल. साधारण दीड इंची योकला दोन ते चार थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मोकळीक पुरते.

आता योकचा पृष्ठभाग. तो पुसून उजेडात धरा आणि जिथे सील घासतो तिथे नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चर पडलेली आहे. इथे पुष्कळदा एक चूक होते. चर घालवायला एमरी पेपर शाफ्टच्या लांबीच्या दिशेने घासतात किंवा लेथवर एक हलका कट घेतात. दिसायला चकचकीत होतं, पण कटची रेघ म्हणजे बारीक आट्याच असतात. शाफ्ट फिरला की त्या आट्या सीलखालून तेल बाहेर पंप करतात. क्रँकच्या त्या चरीसारखंच काम, फक्त उलट दिशेने. म्हणून हा पृष्ठभाग ग्राइंडिंगने, दगड आडवा न सरकवता सरळ आत नेऊन संपवायचा असतो.

आट्या राहिल्यात का हे तपासायची सोपी रीत आहे. योक लेथवर पाणसळीत धरा, पृष्ठभागावर तेलाचं बोट फिरवा, सुती दोरा त्यावरून टाकून खाली छोटा नट बांधा आणि शाफ्ट अगदी हळू फिरवा. दोरा जागेवर राहिला तर काम चांगलं झालंय. दोरा एका बाजूला चालू लागला आणि शाफ्ट उलटा फिरवल्यावर दुसऱ्या बाजूला चालला, तर आट्या आहेत. पुन्हा ग्राइंडिंगला द्या. टर्नरसमोर उभं राहून हे एकदा करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

चर उथळ असेल तर इतका खर्च नको. सीलच्या घरात जागा असेल तर नवा सील जुन्यापेक्षा एक-दीड मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर पडतो. जागा नसेल तर पाव मिलिमीटरच्या आसपास भिंतीची तयार रिपेअर स्लीव्ह मिळते. ती चढवली की मूळ सीलच चालतो. चर खोल असेल तर हार्ड क्रोम करून मूळ मापाला ग्राइंडिंग, नाहीतर दुसरा योक.

योक बाहेर काढण्याआधी प्रोपेलर शाफ्ट आणि मागची फ्लँज यांवर पंचची खूण करा आणि परत त्याच खुणेवर जोडा. युनिव्हर्सल क्रॉस हाताने फिरवून बघा. अडकत असेल किंवा त्यात खेळ असेल तर बदला, कारण त्याची थरथर थेट नव्या बुशवर येते.

फ्लँजची गाडी असेल तर सील फ्लँजच्या मानेवर घासतो, तपासणी तीच. मागच्या हाउसिंगच्या (मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शिअलच्या) पिनियन सीलला मात्र एक जादा काळजी लागते. पिनियनचा नट सोडण्याआधी नट आणि शाफ्टवर खूण करा, बाहेर किती आटे दिसतात ते मोजा आणि परत तिथेच आणा. "जरा घट्ट असू दे" म्हणून पुढे आवळला तर बेअरिंगवरचा ताण बदलतो आणि महिन्याभरात हाउसिंग गुणगुणू लागतं.

सील घ्यायला जाताना "ॲम्बॅसिडरचा सील द्या" म्हणू नका. माप घेऊन जा: शाफ्टचा व्यास, घराचा व्यास, जाडी. बीएमसीची मूळ मापं इंचात आहेत आणि दुकानात बहुतेक सील मिलिमीटरचे. उदाहरणादाखल, शाफ्ट दीड इंच म्हणजे ३८.१ मिलिमीटर असेल तर ३८ चा सील आरामात चालतो. पण घर सव्वादोन इंच म्हणजे ५७.१५ असेल आणि तुम्ही ५७ चा सील घेतला, तर बाहेरची पकड जवळजवळ उरत नाही. तो हाताने सहज आत जातो आणि तेल ओठाखालून नव्हे, बाहेरच्या कडेने येतं. सील बसवताना ठोकावा लागला नसेल, तर तीन वेळच्या गळतीचं हेही कारण असू शकतं. साहित्याचं म्हणाल तर गिअरबॉक्सला साधं नायट्राइल रबर पुरतं. घाटाची चढण वारंवार असेल तर व्हिटॉन घ्या, ते जास्त उष्णता सोसतं. दोन ओठांचा घ्या, बाहेरचा ओठ धूळ आणि चिखल अडवतो.

बसवताना स्प्रिंगचा ओठ तेलाच्या बाजूला. जुना सील किती खोल होता ते काढण्याआधी व्हर्निअरने मोजा. घराच्या कडेचे ओरखडे बारीक कानसाने मोडा. दोन ओठांमध्ये ग्रीस भरा, मुख्य ओठाला गिअर ऑइल लावा. सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित लहान पाइपचा तुकडा ठेवून सरळ आत न्या. हातोडी एका कडेला मारत फिरवली तर पत्रा वाकतो. ओठ स्प्लाइनवरून (शाफ्टवरच्या लांब दात्यांवरून) न्यावा लागत असेल तर त्यावर चिकटपट्टी गुंडाळा. बसवल्यावर आरसा धरून स्प्रिंग जागेवर आहे ना, हे पाहा.

बाकीच्या जागा पटकन सांगतो. स्पीडोमीटर केबलच्या तोंडाचा सील गेला तर तेल केबलमधून वर चढतं. ड्रेन प्लगचा तांब्याचा वॉशर लाल तापवून थंड केला की पुन्हा मऊ होतो. कव्हरांची पॅकिंग मूळ जाडीच्याच कागदाची कापा, कारण काही कव्हरं बेअरिंगला दाबून धरतात आणि जाडी बदलली की खेळ बदलतो. गास्केट शेलॅकचा पातळ हात पुरतो. सिलिकॉन जाड लावला तर तो आत फुगून तुटतो आणि तेलाच्या वाटेत अडकतो.

ऑइलमध्ये टाकायचं औषध नको. ते रबर फुगवून थोडे दिवस ओठ घट्ट करतं, पण चर भरत नाही, बुश भरत नाही, आणि फुगलेलं रबर पुढे मऊ पडतं. घट्ट म्हणून १४० ग्रेडचं ऑइल भरणंही नको. थंड गाडीत गिअर पडणार नाही. गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं घ्या. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. ती मागच्या हाउसिंगच्या क्राऊन-पिनियनला हवीतच, पण गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना आणि ब्राँझ बुशांना ती सोसत नाहीत. एकच डबा दोन्हीकडे ओतण्याची सवय मोडा.

आता पार्टचं. गाडीत खरंच मूळ गिअरबॉक्स आहे का, हे आधी केसिंगवरचे ओतीव आकडे बघून ठरवा. आपल्या भागात कित्येक ॲम्बॅसिडरना मागाहून डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट बसवलेलं आहे, आणि १९९२ नंतर आलेल्या १८०० सीसी इसुझू गाड्यांचा पाच गिअरचा बॉक्स वेगळाच. गिअरबॉक्सचे आणि योकचे जुने भाग पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधा. ॲम्बॅसिडरसाठी सगळ्यात भरवशाचं म्हणजे कोलकात्याचं मल्लिक बाजार. गाडी कोलकात्याजवळ उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनत होती आणि टॅक्सी कोलकात्यातच सर्वाधिक होत्या. फोटो पाठवताना व्हर्निअर लावलेलाच फोटो पाठवा. हेच १४८९ सीसी इंजिन परदेशात मॉरिस ऑक्सफर्ड, ऑस्टिन केंब्रिज आणि एमजीएला होतं, त्यामुळे इंजिनची पॅकिंग, टायमिंग कव्हरचा सील यांसारख्या वस्तू त्या गाड्यांच्या नावानेही सापडतात. गिअरबॉक्सचे भाग मात्र मापं जुळल्याशिवाय मागवू नका.

लोखंडी भाग जुना घ्या, हरकत नाही. रबर मात्र जुन्या स्टॉकमधलं अजिबात नको. वीस वर्षं पुडीत पडलेला मूळ कंपनीचा सील दिसायला कोरा असतो, पण ओठ बोटाने दुमडला की बारीक चिरा दिसतात. त्यापेक्षा आज बनलेला, मापात बसणारा साधा सील चांगला.

अगदीच दुसरा गिअरबॉक्स घ्यायची वेळ आली, तर धुवून रंगवलेला घेऊ नका. न धुतलेला मागा, म्हणजे तो कुठे गळत होता ते दिसतं. ड्रेन प्लग उघडून तेल चिंधीवर घ्या. पिवळी चमक म्हणजे सिंक्रो किंवा बुश झिजलेत, टणक स्टीलचे कण म्हणजे दात किंवा बेअरिंग. तेल दुधी असेल तर आत पाणी गेलंय. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आपल्याकडे हे विशेष बघायला हवं. गरम गिअरबॉक्स पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. ते आत राहिलं की बेअरिंगला गंज धरतो. प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट हाताने फिरवा, बेलहाउसिंगच्या कानांना भेग आहे का बघा.

काम झाल्यावर गिअरबॉक्स परत चढवताना त्याचं वजन क्लचप्लेटच्या स्प्लाइनवर लटकू देऊ नका, प्लेट वाकते. खाली जॅक आणि बरोबर दुसरा माणूस हवाच. मग पन्नास किलोमीटर चालवा, बोल्ट पुन्हा एकदा बघा, आणि रात्री गाडीखाली स्वच्छ पत्रा ठेवा. सकाळी एखादा थेंब दिसला तर तो कुठून आला हे पुन्हा पावडर मारूनच ठरवा. योकचा खेळ आणि नखाला लागलेली चर, ही दोन निरीक्षणं आधी कळवलीत, तर बुश करायचा की योक, ते नेमकं सांगता येईल.